लेन्सवरचं कुंकू

माझ्या घरात मला एक सवत आहे. काळी, चौकोनी, चौदा किलो वजनाची. दर दसऱ्याला तिला हळद-कुंकू लावायचं काम मात्र माझंच. ही सवत म्हणजे ह्यांचा, माझ्या नवऱ्याचा, डिस्क प्लेअर.

आम्ही राजुरीचे. ह्यांची द्राक्षबाग, आणि मी गावातल्या प्राथमिक शाळेत बाई. आता निवृत्त आहे, पण आवाज अजून नोकरीवरच आहे असं सगळे म्हणतात. एका वर्षी द्राक्षं चांगली निघाली आणि बागायतदारांचा अभ्यासदौरा हॉलंडला गेला. आळे-राजुरीकडचे आठ-दहा जण होते. येताना कुणी चॉकलेटं आणली, कुणी सेंटच्या बाटल्या. एकानं बायकोला एवढा जाड कोट आणला की तो आजतागायत कपाटातच आहे. ह्यांनी हे धूड आणलं. विमानात मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. मी विचारलं, "आणि मला काय?" तर म्हणाले, "अगं, तूबी ऐकायचं की."

खोटं कशाला बोलू, आवाज फार सुंदर होता. गाणारा माणूस गाण्याआधी श्वास घेतो तोसुद्धा ऐकू यायचा. ह्यांचे वडील गावच्या भजनात गायचे, तो कान ह्यांच्याकडे आला होता. बागेतून आले की हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि मग डिस्क कडेनं धरून, दोन बोटांत, ट्रेवर ठेवायचे. माझ्यासाठी कधी धुतलेला सदरा घातला नाही. लग्नाच्या दिवशी घातला असेल, तोही त्यांच्या आईनं काढून दिला म्हणून.

बोलणं मुळातच कमी. भांडणात माझी पंधरा वाक्यं झाली की ह्यांचं एक "बरं" यायचं. त्या "बरं"वर पुढं काही बोलताच येत नाही, ज्यांचे नवरे असे आहेत त्यांना हे सांगायला नको.

आता दसऱ्याचं सांगते. माझं माहेर महाळुंगे पडवळचं. आमच्याकडे दसऱ्याला घरात जे जे काम करतं त्याची पूजा होते. कोयता, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, शिवणयंत्र, झालंच तर मिक्सर. आणि माझ्या वडिलांची शिस्त अशी, की वरवर टिळा लावून भागायचं नाही. वस्तू जिथून काम करते तिथं कुंकू लागलं पाहिजे. कोयत्याला पात्यावर, मोटरीला पाणी येतं त्या तोंडाशी, शिवणयंत्राला सुईखालच्या पट्टीवर. मग प्लेअरला कुठं लावणार? मी बटण दाबून ट्रे बाहेर काढायचे. त्यावर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, चार अक्षता, झेंडूची पाकळी. परत बटण दाबलं की ट्रे सगळं घेऊन हळूच आत जायचा. मी हात जोडायचे, मग ट्रे उघडून वरचं वर झटकून टाकायचे. हे बाजूला नारळ घेऊन उभे असत आणि बघत असत. एकदाही काही म्हणाले नाहीत.

भाऊबिजेला मी दोन दिवस माहेरी जायचे. परत आले की प्लेअर कसा लख्ख वाजायचा. मी म्हणायचे, "बघा, पूजेचा गुण." हे म्हणायचे, "बरं."

दोन वर्षांपूर्वी श्रावणात अर्धांगाचा झटका येऊन हे बागेत पडले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, त्याबरोबर वाचा गेली. पाय पुष्कळसा परत आला, काठी घेऊन चालतात. हात थोडाफार. बोलण्यातला मात्र एकच शब्द मागं राहिला, "बरं". भूक लागली की "बरं", नको असलं की "बरं", दुखायला लागलं तरी "बरं". पूर्वी ज्या शब्दानं मी वैतागायचे, तोच ऐकून आता मला रडू यायचं.

वाचेचे उपचार करणारी एक मुलगी मंचरला आहे. तिच्याकडे मी ह्यांना आठवड्यातून एकदा नेऊ लागले. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका गाणं ऐकतात का?" बोलायचे शब्द अडकले तरी गाण्यातले शब्द मेंदूच्या वेगळ्या वाटेनं येतात, असं ती म्हणाली. "रोज गाण्याबरोबर गाऊ द्या. आणि काकू, शब्द अडला तर तुम्ही पुरवायचा नाही. थांबायचं." आयुष्यात मला ह्याहून अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी डाव्या हातानं डिस्क ट्रेवर ठेवली. चार वेळा घसरली, पाचव्यांदा बसली. मी हात पुढं केला तर डोळ्यांनीच दटावलं. ट्रे आत गेला. गाणारा श्वास घेतो तिथं ह्यांनीही श्वास घेतला, आणि त्याच्याबरोबर "आ" लावला. वाकडा, पण लावला. महिन्याभरात गाण्याची एक ओळ पुरी म्हणायला लागले. मग गाण्याबाहेरही एखादा शब्द यायला लागला. "पानी." "गार." "दार." मी शाळेतल्या एका कोऱ्या वहीत ते शब्द लिहीत गेले. गेल्या दिवाळीपर्यंत एकतीस शब्द झाले होते. अठ्ठावीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं, पण कुठल्या पोराचा मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

हे पडल्यानंतरचे दोन्ही दसरे मी मोठ्या मनानं साजरे केले. प्लेअरनं माझ्या नवऱ्याला बोलतं केलं होतं. कुंकू जरा जास्तच घातलं.

संक्रांतीच्या सुमाराला प्लेअर बंद पडला. ट्रे आत जायचा, खुडखुड आवाज यायचा आणि समोरच्या निळ्या पट्टीवर अक्षरं यायची की डिस्क नाही. "अरे, नाही कशी? समोर ठेवलीय, आंधळ्या!" मी त्याच्यावर ओरडायचे. हे पुन्हा डिस्क काढायचे, पुसायचे, ठेवायचे. सात-आठ वेळा. मग खुर्चीत मागं टेकून खिडकीबाहेर बघत बसायचे.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणाला, "आई, सगळी गाणी फोनवर आहेत." त्यानं मला फोनवर गाणी लावून दिली, छोटा स्पीकरही पाठवला. पण फोनवरचं गाणं एकदम अंगावर येतं. हे तोंड उघडेपर्यंत पहिली ओळ निघून जायची. ट्रे बाहेर येणार, आपल्या हातानं डिस्क ठेवणार, ट्रे आत जाणार, मग क्षणभर शांतता, मग श्वास. ह्यांचा आवाज त्या सगळ्याच्या मागोमाग यायचा, आधीचं काढून घेतलं की यायचाच नाही. मुलानं मग नवा प्लेअर आणला. हलकाफुलका, प्लास्टिकचा, त्यात डिस्क दाबून बसवावी लागायची. एका हातानं ते जमेना. तिसऱ्या दिवशी ह्यांनी तो बाजूला सारला.

आणि शब्द जायला लागले. आधी "दार" गेला. मग "गार". महिन्याभरात वहीतल्या एकतिसातले दहा-बारा उरले. मंचरच्या मुलीनं वही बघितली आणि म्हणाली, "काकू, काहीतरी करा. आत्ता सुटलं तर परत धरणं अवघड जाईल." त्या दिवशी परतताना गाडीत मी फार घाबरलेली होते, आणि घाबरले की मी चिडते. वाटेत सगळ्यांवर चिडले. वीजवाल्यांवर, उंदरांवर, हॉलंडवर.

आळेफाट्याला एका दुकानात मशीन नेली. दुकानदारानं झाकण न उघडताच सांगितलं, "बाई, भंगारात द्या. आता कोन डिस्क ऐकतंय?" मी म्हणाले, "माझा नवरा ऐकतो." आणखीही बरंच म्हणाले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती निघून गेली.

घरी आल्यावर हे टेबलाच्या खणाशी गेले. डाव्या हातानं चाचपून एक मळकं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. जुन्नरच्या एका दुरुस्तीवाल्याचं. पण कार्डावरचा हात उचलेनात. मी ओढलं तरी सोडेनात. मला वाटलं बोटं आखडली. थोड्या वेळानं एक सुस्कारा सोडून हात बाजूला घेतला. "ह्याला ओळखता?" मी विचारलं. "बरं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन गोधडीत गुंडाळून मी भाड्याच्या गाडीनं जुन्नरला गेले. दुकान गल्लीत, खोलीएवढं. मिक्सर, पंखे, गणपती मंडळाचा ॲम्प्लिफायर, सगळे पोट उघडून पडलेले. मधे सत्तरीचे एक भाई, पांढरी दाढी, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर. त्यांनी गोधडीचं एक टोक उचललं, खालचा काळा पत्रा बघितला आणि माझ्या मागं दाराकडं नजर टाकली.

"भाऊ न्हाई आले?"

"तुम्ही ह्यांना ओळखता?"

"तुमी बाई ना?" ते उठूनच उभे राहिले.

मी श्रावणातलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भाई खाली बसले. "या खुदा," म्हणाले. "आन मी म्हनलं, भाऊ माज्यावर नाराज झाले. दोन दिवाळ्या झाल्या, फोन न्हाई."

"दिवाळीला कसला फोन?"

भाई स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता. "बाई, तुमी असं करा, बाजार करून या. दोन-तीन घंटे लागतील."

मी इतकी वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात. समोरचा काही लपवतोय हे मला लगेच कळतं. "मी इथंच बसते," मी म्हणाले.

भाईंनी माझ्याकडे पाठ केली आणि एकेक स्क्रू काढला. झाकण उघडताना तर असे वाकले की मला काही दिसूच नये. मी उठून त्यांच्या खांद्यावरून डोकावले.

आत लाल होतं. ट्रेच्या खाली, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यात लाल आणि पिवळी भुकटी. छोट्या दातेरी चाकाच्या तेलात हळद मिसळून तिचा लगदा झालेला. चाकाच्या दातांत तांदळाचा एक दाणा. आणि मधोमध ते वाटाण्याएवढं भिंग, ज्याला भाई लेन्स म्हणतात, ज्याच्यातून किरण जाऊन डिस्क वाचली जाते, त्याच्यावर तांबडा थर.

माझा पारा चढला. "हे त्या आळेफाट्याच्या दुकानदाराचं काम! मी बोलले म्हणून डूख धरला मेल्यानं. नाहीतर घरी कुणीतरी... काय माणसं असतात हो! आजारी माणसाच्या वस्तूत..." भाईंनी चिमट्यानं आतून एक वाळकी पाकळी काढली आणि कागदावर ठेवली. झेंडूची. माझं वाक्य तिथंच तुटलं.

मी स्टुलावर बसले. भाईंनी कपाळावरचा चष्मा उगाचच पुसला.

"बाई, मी भाऊंना जबान दिलती. पर आता तुमी बघितलंच. तुमी भाऊबिजेला माहेरी गेल्या का भाऊंचा फोन यायचा. मी राजुरीला यायचो. भाऊ पिठलं करायचे, लई तिखट. जेवायचं, मशीन खोलायची, समदं झाडून पुसून व्हतं तसं लावून ठिवायचं. भाऊ बॅटरी धरायचे. कितीक वर्सं झाली. एकदा मीच म्हनलं, भाऊ, बाईंना सांगा ना, कुंकू वरून लावा म्हनावं. तर म्हनले, 'न्हाई. तिच्या वडलांची रीत हाय. आपन साफ करू.'"

दर वर्षी मी माहेराहून येऊन "बघा, पूजेचा गुण" म्हणायचे, आणि तो माणूस "बरं" म्हणायचा. लाज वाटली. मग राग आला, की एवढी वर्षं मला वेड्यात काढलं. आणि मग कळलं, की मशीन बंद का पडली. मी कुंकू दरसालच घालत होते. ते पुसणारे हात पडले होते.

"आता पुसा," मी म्हणाले. "चांगलं पुसा."

भाईंनी मान हलवली. "नुसतं पुसून न्हाई भागायचं. दोन सालाचं बसलंय, लेन्स खरवडलीय. आन ही लेन्स आता बनत न्हाई कुटं."

"भाई, ह्यांचं बोलणं त्याच्यावर अडकलंय हो." आवाज चढवायला गेले तर तो फुटला. मी त्यांना वहीचं सांगितलं, "दार" आणि "गार"चं सांगितलं.

भाई उठले, स्टूल ओढून माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात कापूस, कापसात प्लास्टिकची पुडी, पुडीत ती लेन्स. कोरी.

"हीबी भाऊंचीच. लेन्स बंद व्हनार असं मी बोललो, तवा मुंबईवरून मागवली आन माज्याकडं ठिवली. चार-पाच साल झाले. म्हनले, 'भाई, ती काय कुंकू लावायची थांबायची न्हाई. एक दिवस ही जानार. तवा धावाधाव नको.'" डबा माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "मी म्हनलं भाऊ, एक शब्द बोलले तर हा खर्च वाचंल. हसले नुसते."

मशीन चार दिवस भाईंकडे होती. ते चार दिवस मी ह्यांच्याशी नीट बोलले नाही आणि भांडलेही नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडणार कशी? जेवायला वाढायचे आणि त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहायचे. ह्याच हातानं बॅटरी धरली असेल का, असं मनात यायचं. ह्यांना माझ्या गप्प बसण्याची सवय नाही. ते घाबरून दोन घास कमीच जेवले.

पाचव्या दिवशी भाई स्वतः मशीन घेऊन राजुरीला आले. त्यांना दारात बघून हे आधी उजळले, मग माझ्याकडे बघितलं आणि कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा केला. भाई म्हणाले, "भाऊ, बाईंनी बघितलं. माजा इलाज चालला न्हाई."

"बरं," हे म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. भाई तर हसता हसता ह्यांच्या गळ्यातच पडले आणि बराच वेळ बाजूला झाले नाहीत.

मग मशीन जागेवर बसली. ह्यांनी बेसिनशी जाऊन डावा हात साबणानं धुतला आणि मला खुणावलं, तसा मी त्यांना धुतलेला सदरा घालून दिला. डिस्क पहिल्या फटक्यात ट्रेवर बसली. ट्रे आत गेला. खुडखुड नाही. मी पदर मुठीत धरून उभी होते. शांतता, मग श्वास, आणि त्या श्वासाच्या जोडीला ह्यांचा श्वास. सूर घोगरा होता, महिन्याभराचा गंज होता, पण ओळ पुरी झाली. भाईंनी त्या दिवशी माझ्या हातचं पिठलं खाल्लं आणि भाऊंचं जास्त चांगलं असतं असं तोंडावर सांगून गेले.

शब्द एकदम आले नाहीत. "पानी" होताच. "दार" आठ दिवसांनी आला, "गार" त्याच्या पाठोपाठ. पाडवा आला तोवर वही पुन्हा एकतिसावर गेली आणि पुढं सरकली. पण सगळे सुटे शब्द. एकापुढं एक लावून बोलणं नव्हतं. मंचरची मुलगी म्हणाली, ते येईल, नाही येईल, सांगता येत नाही.

चैत्रातल्या एका सकाळी गाणं संपलं, ह्यांनी डिस्क काढून कव्हरात घातली. मी समोर भाजी निवडत होते. इतके दिवस विचारायचं राहिलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"एवढी वर्षं मला सांगितलं का नाही हो? एक शब्द बोलला असतात तर मी ऐकलं नसतं का?"

मला उत्तर माहीत होतं. "बरं" येणार. पण "बरं" आलं नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले, परत हलले. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर घट्ट आवळली. मला शब्द पुरवायची एवढी सुरसुरी आली की मी मेथीची काडी दातात धरली.

"तू," हे म्हणाले.

मी थांबले.

"लई."

बाहेर कुणीतरी हाक मारत होतं, मी वळले नाही.

"चिडती."

त्याला सूर नव्हता, चाल नव्हती. कुठल्या गाण्यातले शब्द नव्हते ते. श्रावणात बागेत पडल्यापासून माझ्या नवऱ्यानं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि जरा भीतीही दिसत होती, आता मी काय म्हणते ह्याची.

"परत म्हणा," मी म्हणाले.

त्यांनी परत म्हटलं.